बांधावरची झाडं आणि आमची हत्यारं

झाड कशानं तोडायचं यावर झाड किती जगणार हे ठरतं, असं म्हटलं तर कुणाला चेष्टा वाटेल. पण साठ वर्षांत आमच्या खटाव तालुक्यातल्या बांधांवर मी हेच होताना बघितलंय. कुऱ्हाड होती तोवर बांधावर झाडं होती. पेट्रोलचं यंत्र आलं आणि झाडं गेली. आता बॅटरीवरची करवत घरोघर यायला लागलीय, तिच्या हातून काय होणार ते अजून ठरायचंय. इतिहास म्हटला की आपल्याला गड आणि लढाया आठवतात. बांधालाही इतिहास असतो, फक्त तो कुणी लिहून ठेवत नाही. मी दहावी शिकलेला माणूस, जेवढं डोळ्यानं बघितलं आणि नंतर वाचून कळलं तेवढं इथं मांडतो.

आमच्या घरात दोन कुऱ्हाडी होत्या. मोठी बुंध्याला आणि हलकी फांद्या सवळायला. पातं गावच्या लोहारानं घडवलेलं, त्याला पोलादाची धार लावलेली. दर सुगीला लोहाराचं बलुतं ठरलेलं असायचं, त्यामुळं धार गेली की भात्यावर जायचं, पैशाचा विषय निघत नसे. दांडा बाभळीचा नाहीतर बोरीचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आमच्याकडं लहान पोरालाही पाठ. लोखंडाला लाकडाची साथ मिळाल्याशिवाय झाड पडत नाही, असा तिचा सरळ अर्थ.

पण त्या दांड्याला माणसाचं बळ लागायचं, आणि बळाला मर्यादा असते. मिठीत न मावणारी बाभूळ पाडायची तर दोन गड्यांचा दिवस जायचा. फांद्या सवळून, खोडाची खांडं करून, बैलगाडीत भरून घरी आणायला आणखी दोन दिवस. म्हणून झाड तोडायचं ठरवायलाच महिना लागायचा. आधी घरात बोलणं, मग सुतारदादांना बोलावणं. ते यायचे, झाडाभोवती दोन फेऱ्या मारायचे, वर बघत राहायचे. कुठली फांदी वाकडी आहे, कुठला फाटा जाड आहे हे त्यांच्या डोक्यात असायचं. या बाकात नांगराचं हाळीस बसतंय, हे खोड कुळवाच्या दिंडाला चालंल, यातनं गाडीच्या चाकाचा तुंबा निघंल. एखाद्या वेळी ते सरळ म्हणायचे, "अजून चार पावसाळे राहू द्या. आत्ता कापलं तर नुसतं जळाण हुईल."

म्हणजे झाडाला काम होतं, आणि काम होतं म्हणून त्याला मुदत होती. बाभळीची साल कातडं कमवायला जायची. शेंगा शेरडामेंढरांना. उन्हाळ्यात धनगरांचे कळप यायचे, शेंगा आणि पाला खायचे आणि रात्री रानात बसून खत देऊन जायचे. काट्यांचं कुंपण व्हायचं. लिंबाचा पाला धान्याच्या कणगीत, लिंबोळ्या खताला. चिंच आणि आंबा तर घरातल्या माणसासारखेच, त्यांच्या फळांच्या वाटण्या व्हायच्या. आमचा आज्जा म्हणायचा, "झाड उभं हाय तवर रोज देतंय. आडवं झालं की एकदाच देतंय."

झाडाचा आणि सत्तेचा संबंधही जुनाच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला लाकूड लागतं त्याबद्दल लिहिलेलं आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि एखादं जीर्ण झालेलं घ्यायचंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मजकूर आज वाचला तरी माणूस गप्प होतो. इंग्रजांच्या अमलात जंगल खातं आलं आणि डोंगर, कुरणं लोकांच्या हातून गेली. जोतीराव फुल्यांनी 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्याबद्दल लिहिलंय, की शेतकऱ्याच्या शेळीलाही चरायला जागा ठेवली नाही. पुढं 1930 च्या जंगल सत्याग्रहात लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन बंदी असलेल्या जंगलात शिरले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या बिळाशीनं त्यात मोठं नाव केलं. झाड तोडणं हा त्या दिवसांत सरकारला दिलेला जबाब होता. स्वराज्य आल्यावर 1964 साली महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर नियमनाचा कायदा झाला. त्याच्या यादीत साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा अशी झाडं आली. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. आमच्या बांधावरची बाभूळ आणि लिंब मात्र त्या यादीत नव्हते. त्यांचं राखण आज्ज्यासारख्या माणसांवरच राहिलं.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माणसं खडी फोडायला जात होती, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. माणसांचं कसंबसं निभत होतं, जनावरांचं काय? कडबा संपलेला. तेव्हा आज्जा आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज एक-दोन झाडं सवळायचे. लिंब, पिंपळ, बाभूळ, जे हिरवं असेल ते. पण आज्ज्याचा दंडक होता, शेंडा सोडायचा आणि मधली खोडफांदी धक्का न लावता ठेवायची. पाऊस झाल्यावर पुढच्या वर्षी ती झाडं पुन्हा पालवली. त्या वर्षी बैल जगले ते झाडांवर, आणि झाडं जगली ती छाटणी आणि तोडणी यातला फरक माणसांना कळत होता म्हणून. माझ्या या सगळ्या लिहिण्याचा मुद्दा हाच फरक आहे.

पुढं झाडांचं काम हळूहळू कमी होत गेलं. याची सुरुवात फार आधीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथं लोखंडी नांगर तयार व्हायला लागले. आमच्या घरी लोखंडी नांगर आज्ज्याच्या उमेदीतच आला. मग मोटेची जागा इंजिनानं घेतली, लाकडी चाकाच्या गाडीची जागा टायरच्या गाडीनं. मी 1977 साली दहावी होऊन शेतीत आलो तेव्हा सुतारदादांचं काम निम्म्यावर आलं होतं. ट्रॅक्टर आल्यावर उरलेलंही गेलं. त्यांच्या मुलानं तालुक्याच्या गावी फर्निचरचं दुकान टाकलं, आणि बाभळीभोवती फेऱ्या मारून वर बघणारा माणूस गावात राहिला नाही. हत्यार नंतर बदललं, झाड आधीच बेकार झालं होतं. हे ध्यानात न घेता नुसता यंत्राला दोष देणं बरोबर नाही.

बेकार झालेल्या झाडाला गिऱ्हाईक मिळालं ते वीटभट्टीचं आणि वखारीचं. 2000 सालाच्या आसपास लाकडाचे व्यापारी टेम्पो घेऊन फिरायला लागले, आणि त्यांच्याबरोबर पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आली. लोक तिला कटर म्हणायचे. दोरी ओढली की असा आवाज, की दोन वाड्या पलीकडं कळावं कुणाच्यातरी रानात झाड पडतंय. ज्या बाभळीला दोन गड्यांचा दिवस जायचा ती दहा मिनिटांत आडवी. संध्याकाळपर्यंत सगळा बांध मोकळा आणि टेम्पो भरलेला. व्यवहार उक्ता. एका व्यापाऱ्यानं आमच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याच्या अकरा झाडांचे जे पैसे दिले, त्यात नंतर एक दाराची चौकटही आली नसती. त्यानंतर 2003 चा दुष्काळ आला. पैशाची नड, वैरणीची नड, आणि दारात तयार यंत्र. आमच्या शिवारात ओढ्यापासून पाणंदीपर्यंतच्या बांधांवर माझ्या लहानपणी मोजून बेचाळीस मोठी झाडं होती. 2005 साली नऊ राहिली.

त्या यंत्राचा एक गुण लोकांच्या फारसा ध्यानात आला नाही. ते फांदीसाठी येत नसे. यंत्रवाला दहा-पंधरा किलोमीटरवरून येणार, ऑईल मिसळलेलं पेट्रोल आणणार, बरोबर दोन माणसं. दोन फांद्या छाटायला त्याला परवडायचं कसं? तो म्हणायचा, "सगळं झाड देताय का बोला." कुऱ्हाड घेऊन झाडावर चढणारी माणसं तोवर म्हातारी झालेली, पोरं पुण्या-मुंबईला. म्हणजे मधला मार्गच बंद झाला. एकतर झाड आहे तसं ठेवा, नाहीतर मुळापासून काढा.

बांधावरच्या भांडणात तर याचा फार वाईट परिणाम झाला. झाड एकाच्या हद्दीत आणि सावली दुसऱ्याच्या ज्वारीवर, हे दर गावात आहे. आमच्याच भावकीत दोघा चुलतभावांच्या बांधावर एक मोठा लिंब होता. त्याच्या सावलीत धाकट्याच्या रानातल्या पाच-सहा सऱ्या पिवळ्या पडायच्या. धाकटा म्हणायचा फांद्या काढ, थोरला म्हणायचा माणूस मिळत नाही. तीन वर्षं बोलाचाल बंद होती. शेवटी थोरल्यानं रागाच्या भरात व्यापाऱ्याला बोलावलं आणि लिंबच देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी धाकटा मला म्हणाला, "तात्या, मी फांद्या म्हणलो हुतो. झाड कुठं म्हणलो?" त्या लिंबाखाली दोन्ही घरांची जनावरं दुपारी बसायची. आता दोघांनीही पत्र्याचं शेड मारलंय. उन्हाळ्यात त्याच्याखाली जनावर उभं राहत नाही.

या यंत्राचं मूळ शोधायला गेलो तेव्हा मजा वाटली. साखळीची करवत पहिल्यांदा लाकडासाठी झालीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी हाड कापायला दात असलेली बारीक साखळी वापरली, ती हातानं चालवायची. झाडासाठीचं यंत्र जर्मनीत आलं. आंद्रेआस श्टील यांनी 1926 साली केलेली करवत विजेवर चालणारी होती, वजन सुमारे 64 किलो, उचलायला दोन माणसं लागायची. जंगलात वीज कुठून आणायची? म्हणून पेट्रोलचं इंजिन बसवलं. 1927 साली एमिल लेर्प यांनी तसं यंत्र डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून बघितलं, आणि 1929 साली श्टील यांचंही पेट्रोल यंत्र आलं. एका माणसाला उचलता येईल असं यंत्र व्हायला 1950 साल उजाडलं. म्हणजे या करवतीची सुरुवात विजेवर झाली, मधली साठ-सत्तर वर्षं ती पेट्रोलवर राहिली, आणि आता पुन्हा विजेवर आलीय. वायर तेवढी गेली.

साखळीच्या दातांची गोष्ट तर शेतकऱ्याला लगेच पटावी अशी आहे. अमेरिकेत जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. त्याच्या साखळीचे दात सारखे बोथट व्हायचे. 1946 साली त्यानं एका ओंडक्यात लाकूड खाणारी अळी बघितली. ती लाकूड उभं-आडवं कसंही सहज पोखरत जात होती. तिचे जबडे त्यानं नीट न्याहाळले आणि तसे वाकडे दात साखळीला बसवले. आजच्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. आपण आंब्यातल्या भिरुडाला शिव्या घालत तार खुपसत बसतो. त्याच जातीच्या एका किड्यानं जगाला करवत शिकवली.

बॅटरीचं म्हणाल तर ती मोबाईलच्या वाटेनं आली. लिथियमची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी 1991 साली बाजारात आली, आणि तिच्यावर काम करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 साली नोबेल मिळालं. आमच्या रानात आधी बॅटरीचा फवारणी पंप आला, हाताचा दांडा मारायचा त्रास गेला. पाठोपाठ चार, सहा, आठ इंची पात्याच्या छोट्या करवती बाजारात दिसायला लागल्या. पुतण्यानं आठ इंचाची आणली तेव्हा मी तिला खेळणं म्हणालो होतो. पहिल्याच दिवशी तिनं मनगटाएवढी बाभळीची फांदी दहा-बारा सेकंदांत उतरवली, तेव्हा मी खुर्ची पुढं ओढून बघायला लागलो.

ही घेताना वेष्टनावरच्या आकड्यांना भुलू नये. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. पाच सेल जोडले तर 18 व्होल्ट, भरल्यावर 21. म्हणून 18 लिहिलेली आणि 21 लिहिलेली बॅटरी पुष्कळदा एकच असते. खरी ताकद व्होल्टला अँपिअर-तासानं गुणल्यावर कळते. 18 व्होल्ट आणि 2 अँपिअर-तास म्हणजे 36 वॅट-तास, 4 असतील तर 72. एवढ्या शिदोरीत फांद्या निघतात, वडाचा बुंधा निघत नाही. आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे. ती बांध मोकळा करायला आलेली नाही. ती कमकुवत आहे म्हणून झाडाच्या कामाची आहे.

बंद झालेला मधला मार्ग तिनं पुन्हा उघडला. शेवग्याची छाटणी आता आमची सूनबाई एकटी करते. आंबा उतरल्यावर जून-जुलैत आतल्या वाळक्या फांद्या काढल्या की ऊन आत जातं, मोहोर बरा येतो. ते काम दरवर्षी राहून जायचं, आता अर्ध्या दिवसात होतं. शेजारच्या पिकावर आलेली फांदी खुरपणी चालू असतानाच काढून टाकता येते, भांडण व्हायच्या आत. गेल्या चार वर्षांत आमच्या भावकीत सावलीवरून एकही झाड गेलेलं नाही. हे श्रेय यंत्राचं किती आणि शहाणपणाचं किती, ते मी सांगत नाही. पण यंत्र हाताशी नसतं तर शहाणपण एकटं पुरलं नसतं.

वापरायची रीत मात्र शिकून घ्यावी लागते. जाड फांदी वरनं कापत गेलं की ती आपल्या वजनानं मोडते आणि बुंध्याची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून आधी बुंध्यापासून हातभर पुढं खालून थोडा काप द्यायचा, मग त्याच्या किंचित पुढं वरून कापायचं. फांदी गेली की उरलेला खुंट शेवटी काढायचा, तोही फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंठ असतो तो सोडून. त्या कंठातूनच झाड जखम भरून काढतं. कापताना बारीक चुऱ्याऐवजी लाकडाच्या कपच्या उडाल्या तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबून गोल कानशीनं दात घासायचे. साखळीला तेल हवंच, नाहीतर ती तापून सैल होते. साखळी बसवताना, घासताना बॅटरी काढून बाजूला ठेवायची, बोट चुकून कळीवर पडायला वेळ लागत नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून अंगावर येते. पेट्रोलच्या यंत्रानं आमच्या गावातल्या एका गड्याचा खांदा असाच फाडला. स्वस्तातल्या छोट्या करवतीला झटका थांबवणारा ब्रेकही बहुतेक वेळा नसतो, म्हणून डोळ्याला चष्मा, पायात बूट आणि करवत दोन्ही हातांनी धरायची. शिडीवर उभं राहून कापू नये. विजेच्या तारेजवळची फांदी तर वायरमनला सांगून, लाईन बंद करूनच. आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, उन्हात बांधावरही टाकायची नाही.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. पेट्रोलचं यंत्र ओरडायचं. कुणाच्या रानात काय चाललंय ते गावाला कळायचं, कुणीतरी "कोण रं त्यो?" म्हणत बांधावर यायचं. कुऱ्हाडीचाही ठोका लांब जायचा. ही करवत शिवणयंत्राएवढा आवाज करते. चंदनाचं झाड राखणाऱ्यानं याचा विचार करावा. चोराचं सोडा, घरच्या माणसाच्या रागालाही आता साक्षीदार लागत नाही. पूर्वी राग आला तरी झाड पडायला दिवस जायचा, आणि दिवसात राग उतरायचा. पेट्रोलच्या यंत्राला निदान बोलवायला तरी जावं लागायचं. ही तर खुंटीवर टांगलेली, बॅटरी भरलेली. ती बुंधा एका दमात पाडणार नाही, पण चार बॅटऱ्या आणि एक हट्टी माणूस असला तर काय होणार नाही?

म्हणून आमच्या घरात एक नियम केलाय. फांदी कुणीही काढावी, विचारायची गरज नाही. पण मांडीपेक्षा जाड काही कापायचं असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारायचं आणि आठ दिवस थांबायचं. पुतण्या हसतो, म्हणतो, "तात्या, यंत्र दहा सेकंदाचं आणि मुदत आठ दिवसांची?" मी त्याला सांगतो, ही मुदत पूर्वी कुऱ्हाडच द्यायची, आपल्याला वेगळी ठरवावी लागत नव्हती. आता हत्यार ती देत नाही तर माणसानं द्यायची.

शिवारातली ती नऊ झाडं अजून उभी आहेत. आठ वर्षांपूर्वी ओढ्याच्या बांधावर आपोआप उगवलेल्या सात बाभळी आम्ही राखल्यात, त्या आता डोक्याच्या वर गेल्यात. दरवर्षी खालच्या फांद्या काढतो, म्हणजे खोड सरळ जातं आणि शेजाऱ्याच्या पिकाला ऊन मिळतं. शेंगा लागायला लागल्या तसे दोन वर्षांपासून मेंढरांचे कळप पुन्हा आमच्या रानात बसायला लागलेत. नांगराचं हाळीस आता कुणाला नको, पण बसलेल्या मेंढराचं खत अजून कुठल्याही पोत्यात मिळत नाही.